मोहल्ल्यातली मुक्कामी गाडी

खोली दाखवताना घरमालक नळ दाखवतो, खिडकी उघडून वारा कसा येतो ते दाखवतो. काकाजींनी तांब्याभर पाणी आणलं आणि खोलीच्या मधोमध फरशीवर ओतून दिलं. मी आणि माझा नवरा पिशव्या हातात धरून दारातच उभे. पाणी जरा घुटमळलं, मग कोपऱ्यातल्या मोरीकडे निघालं. ते मोरीला लागेपर्यंत काकाजी कमरेवर हात ठेवून बघत राहिले. लागलं तसं म्हणाले, "पाह्यलं? थांबलं नाही. खोली चांगली हाय."

मग त्यांनी गाव विचारलं. नवऱ्यानं सांगितलं, चंदगड, कोल्हापूर जिल्हा.

"तलाव हाय का गावात?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "नदी आहे की."

"नदी तं देवानं देल्ली. गावानं काय केलं?"

ह्याला काय उत्तर द्यायचं? परक्या मुलखात पहिल्याच दिवशी गावाची अब्रूही गेली आणि खोलीही गेली, असं वाटलं. पण काकाजी आत तोंड करून ओरडले, "ओ लाखांदूर! चाय ठेवजो. चंदगड आलं हाय."

लाखांदूर म्हणजे त्यांची बायको. लाखांदूर तिचं माहेर. काकाजी कुणालाही नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. समोरचा शिंपी मास्टर बालाघाटचा, म्हणून तो बालाघाट. दूध घालणारा आमगाव. मी आणि नवरा दोघंही चंदगड; दोघांतलं कोण हवंय ते आवाजावरून ओळखायचं. हाक ओरडून मारली तर त्याला, नुसती मारली तर मला. काकींना मी एकदा विचारलं, तुम्हाला राग नाही का येत? त्या तांदूळ पाखडत होत्या. म्हणाल्या, "कायले येईन? लगन झालं का बाईचं आडनाव जाते, कोनाचं तं नावबी जाते. ह्या बुढ्यानं माझं गाव तं ठेवलं."

चंदगड म्हटलं की गोंदियात लोकांना चिचगड ऐकू येतं. चिचगड इथून देवरीकडे, जंगलातलं गाव. "अरे, मंग तं जवळच हाय तुमचं," म्हणतात. पहिले काही महिने मी समजावून सांगायची, नाही हो, आम्ही पार दुसऱ्या टोकाचे, गोव्याच्या बाजूचे. मग सोडून दिलं. कुणी आपल्याला जवळचं समजत असेल तर समजू दे.

आम्ही एवढ्या लांब का आलो, तर नवरा राइस मिलचा फिटर आहे आणि गोंदियात राइस मिली आहेत. पण दुसरंही एक कारण होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. पुण्यालाही काम मिळत होतं. पण पुण्यात गाडी थांबते आणि पुढं जाते. मला भीती, की आपण झोपलेलो असू, स्टेशन निघून जाईल, आणि मग कुठं उतरायचं? कोल्हापूरहून गोंदियाला येणारी गाडी गोंदियालाच संपते. पुढं जातच नाही. चुकायला जागाच नाही. नववीत शाळा सोडलेल्या बाईची अक्कल म्हणा. पण मला त्याचा फार आधार वाटला होता.

माझं भित्रेपण काकाजींना पहिल्या आठवड्यातच कळलं. ते सकाळपासून घरापुढच्या ओट्यावर बसलेले असत. मी खोलीला कुलूप घालायची, दोन पायऱ्या उतरायची, परत जाऊन ओढून बघायची. ओट्यावरून आवाज यायचा, "लागलं, चंदगड." मी गल्लीच्या वळणापर्यंत जाऊन परत यायची. "अजूनबी लागूनच हाय. जा आता. मी पाहून राह्यलो." आणि खरंच ते पाहून राहायचे. संध्याकाळी आल्यावर अहवाल द्यायचे: कुलुपाजवळ एक मांजर आलं होतं, ते गेलं.

त्यांचा दुसरा शब्द 'काऊन'. आमच्याकडे 'का?' म्हणतात, त्यालाच इकडे काऊन. पण काकाजींचा काऊन म्हणजे प्रश्न नसायचा, आडवी घातलेली काठी असायची. मास्टर म्हणायचे, आज दुकान बंद. काऊन? लग्नाला जातोय. काऊन? साडूच्या मुलीचं आहे. काऊन? शेवटी मास्टर वैतागून म्हणायचे, "काकाजी, मत पूछो, मैं नहीं जाता." आणि दुकान उघडायचे. काकाजींना त्यात काही गंमत वाटत नसे. त्यांना खरोखरच कळून घ्यायचं असे.

ते मूळचे अर्जुनीकडचे. त्यांच्या घराण्यानं पिढ्यानपिढ्या तलाव बांधले. मातीची पाळ घालायची, पावसाचं पाणी अडवायचं आणि खालच्या धानाला पाळीपाळीनं सोडायचं, हा त्यांच्या वाडवडलांचा उद्योग. काकाजी तरुणपणी धानाच्या व्यापाराला म्हणून गोंदियाला आले, बाजारामागच्या ह्या जुन्या मोहल्ल्यात घर बांधलं. पुढं मुलानं व्यापार रायपूरला नेला. पण काकाजींच्या डोक्यातला तलाव काही आटला नाही. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा सगळे ठेकेदाराला चहा पाजत होते आणि काकाजी तांब्या घेऊन हजर. ओतलं. पाणी सरळ मास्टरच्या दुकानात शिरलं.

ठेकेदार म्हणाला, "काकाजी, आपने ज्यादा डाल दिया."

"बरसात का मोजून टाकते रे?" काकाजी म्हणाले, आणि तो रस्ता उखडून पुन्हा होईपर्यंत त्या माणसाला त्यांनी रोज 'काऊन' विचारलं.

मला शहराबाहेरच्या मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात काम लागलं तेव्हा मी आनंदानं रडले होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव विचारून मला ओळखपत्र दिलं होतं. सकाळची पाळी. पेशंटच्या पोळ्या, उपमा, दूध. उशीर चालत नाही, कारण भुकेला पेशंट थांबत नाही. हे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या ताईंचं बोलणं, आणि ते खरंच होतं.

पण जायचं कसं? ऑटोवाले सकाळी सगळे स्टेशनवर, गाडीच्या सवाऱ्या धरायला. आमच्या गल्लीत कोण येतंय? नवरा सायकलीवरून मिलीत जायचा, ती उलट्या दिशेला. राहिली शहरातली लहान बस. ती स्टँडवरून सुटायची, स्टेशन, बाजार करत आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी यायची आणि तिथून दवाखान्याच्या रस्त्याला लागायची. यायची म्हणजे नुसती दिसायची. खच्चून भरलेली. दारात लोंबकळणारी माणसं, आणि ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून पंजा हलवायचा: जागा नाही. आम्ही दहा-बारा जण उभे असायचो. दवाखान्यात झाडूपोछा करणाऱ्या दोघी, कॉलेजची पोरं, बाहेरच्या शाळेत डबे पोचवणारी एक म्हातारी. सगळे हात वर करायचे आणि खाली घ्यायचे.

दोनदा मला उशीर झाला. दुसऱ्यांदा तर मी अर्धा रस्ता पळत गेले होते. ताई वाईट नव्हत्या. पण त्या म्हणाल्या, "बाई, तुझ्या हाताला चव आहे. पण तिसऱ्या वेळी असं झालं तर मी दुसरी बघेन. मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

हे मी काकाजींना सांगितलं नव्हतं. काकींना सांगितलं, तेही कांदे चिरता चिरता, म्हणजे डोळ्यांचं काही वाटणार नाही. काकींनी रात्रीच्या जेवणात वाढलं असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर काकाजी ओट्यावर नाहीत. काठी घेऊन मोहल्ल्याच्या तोंडाशी उभे. बस आली, पंजा हलला, बस गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ते बाजारापर्यंत मागं चालत गेले, बस कुठं कुठं भरते ते बघायला. परत आले आणि काकींना म्हणाले, "वरचेच पिऊन टाकून राह्यले न सारं."

मग एक दिवस आम्हा सगळ्यांना घेऊन बसच्या कार्यालयात गेले. मी मागं भिंतीला चिकटून उभी. साहेब नागपूरचे, तरुण, बोलायला गोड. काकाजींनी बसल्या बसल्या त्यांचं गाव काढून घेतलं आणि पुढं त्यांना नागपूरच म्हणत राहिले.

साहेब म्हणाले, "काकाजी, तुमच्या स्टॉपवरून तिकीटच कटत नाही. आम्ही तर तो स्टॉप बंद करायच्या विचारात आहोत."

"काऊन?"

"सवारी नाही म्हणून."

"सवारी काऊन नाही?"

"चढत नाही कुणी."

"काऊन चढत नाही?"

साहेबांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही दहा-बारा सवाऱ्या त्यांच्यापुढं उभ्या होतो. डबेवाल्या म्हातारीनं तर सवयीनं हात वर केला.

काकाजी म्हणाले, "आमच्या गावात तलावाचं दार उघडलं का पहिलं पानी कोनाले भेटते, नागपूर? पाळीजवळ ज्याचं शेत, त्याले? नाही. सगळ्यात दूर ज्याची बांधी, त्याले पहिले. शेपटाचं भरलं का मंग एकेक वर येत जायचं. जवळच्यानं पहिले घेतलं तं शेपटाले चिखलबी भेटत नाही."

"काकाजी, ये बस है. तालाब नहीं."

"मले समजते. म्हनून तं तलाव नाही मागून राह्यलो. मुक्कामी गाडी मागून राह्यलो."

मुक्कामी गाडी! खेड्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. आमच्या चंदगडकडेही होती. संध्याकाळची शेवटची एसटी गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच जेवतात, झोपतात, आणि पहाटे तीच गाडी गावातून पहिली सुटते. तिच्यात गावाला जागा मिळते, कारण ती निघतेच गावातून. पण ती आडगावाची गोष्ट. शहरात, स्टँडपासून चालत जाता येईल अशा मोहल्ल्यात, गाडी मुक्कामाला? टेबलामागचे दोन कारकून हसायला लागले. मास्टरांनीही लाजून खाली बघितलं.

काकाजी आपले सांगतच होते. रात्री गाडी आमच्याकडं थांबेल. सकाळी आमच्याकडून रिकामी सुटेल, उलट्या बाजूनं बाजार, स्टेशन करेल आणि बाहेरच्या रस्त्यानं दवाखान्याला जाईल. सगळ्यांना मिळेल, फक्त सुरुवात शेपटापासून.

"और ड्रायव्हर? तो कहाँ सोएगा? खाएगा क्या?"

"ते आमच्याकडे लागलं."

तेवढ्यात दारातून कुणीतरी खाकरलं. एक ड्रायव्हर सही करायला आला होता. पंजा हलवणारा तोच. "सर," तो म्हणाला, "मी राहीन. मी सालेकशाकडून रोज येऊन राह्यलो. सकारची रेल्वे लेट झाली का माझी गाडीबी लेट."

"पाह्य," काकाजी म्हणाले, "सालेकशालेबी तहान लागून हाय."

साहेब हसले, पण विचारात पडले. शेवटी म्हणाले, आठ दिवस करून बघू. मात्र पहिल्याच सकाळी गाडी वेळेवर सुटली नाही, तर पुन्हा ह्या कार्यालयात मुक्काम हा शब्द काढायचा नाही. आणि तो स्टॉपही जाईल.

बाहेर आल्यावर सगळे खूश. मी सोडून. माझ्या डोक्यात एकच: आता माझी भाकरी ह्या एका सकाळीवर टांगली.

गाडी गल्लीत वळत नव्हती. आडवा येत होता काकाजींचा ओटा. मागं त्यांचं मोकळं आवार होतं, गाडी तिथं ऐसपैस उभी राहिली असती, पण ओटा पाडल्याशिवाय आत जाणार कशी? काकाजींनी स्वतः सब्बल, म्हणजे आमच्याकडची पहार, घेतली. काकी दारात उभ्या राहून बघत होत्या.

"आता बसाल कुठी दिवसभर?"

"माझ्या आजानं तलावासाठी बांधी देल्ली. मी ओटा देऊन राह्यलो."

"आजानं बांधी देल्ली म्हनून तं तुमाले इथं येऊन दुसऱ्याचं धान मोजावं लागलं!"

पण दुपारी काकींनीच विटा रचून ठेवल्या.

ओट्याच्या जागी खड्डा राहिला. तो भरायचा आला आणि काकाजी पंचवीस वर्षांचे झाले. त्यांनी ट्रॅक्टरनं चिकण माती आणवली, थेट तलावातली. हात-हात जाड थर घालायचा, वर पाणी मारायचं, पायांनी तुडवायचा, पुन्हा थर. सगळ्या मोहल्ल्याला त्यांनी चिखलात उतरवलं. मी, काकी, दवाखान्यातल्या दोघी, लुगडी खोचून गोल गोल तुडवत होतो. काकी गावाकडची काही गाणी म्हणत होत्या, आम्हाला येत नव्हती, आम्ही नुसता 'हो' मिळवत होतो. गोंदियात आल्यापासून माझा तो सगळ्यात चांगला दिवस. चंदगडला भातलावणीला असतो तसा वास होता. मला घराची आठवण आली, पण रडू नाही आलं.

मास्टर म्हणाले, "काकाजी, थोडी गिट्टी डलवा देते."

"गिट्टीतून पानी जाते, बालाघाट. आमच्या आजाच्या पाळीतून अजून थेंब नाही गेला."

ह्यात काही चुकतंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मला तर अशा गोष्टीतलं काय कळणार? काकाजींनी संध्याकाळी वरून पुन्हा पाणी शिंपडलं, माती बसायला, आणि लहान मुलाला थोपटावं तसं पायानं थोपटलं.

काकाजी आता गोंदियात नसतात. गुडघे गेले, पुतण्यानं गावी नेलं. काकीही त्यांच्याबरोबर गेल्या. खोली अजून आमच्याकडेच आहे, भाडं त्यांचा मुलगा घेतो. दर दोन-चार दिवसांनी काकाजींचा फोन येतो. हॅलो नाही, कशी आहेस नाही. "आली का?" मी म्हणते, आली, उभी आहे. "भरते का?" मी म्हणते, स्टेशनला भरते, पण आम्ही आधीच बसलेले असतो. "हं," म्हणतात आणि ठेवतात. मागं काकींचा आवाज येत असतो, "तिले विचारा तं जेवली का!" पण तोवर फोन बंद झालेला असतो. मग दोन मिनिटांनी काकींचा वेगळा फोन येतो.

माझी आई एकदा चंदगडहून आली होती. तिनं विचारलं, "ह्यो म्हातारा तुझा कोण लागतोय गे?" मला सांगता येईना. घरमालक म्हणावं तर ते खोटं वाटतं. मी म्हटलं, तो मला रोज कुलूप लागलंय म्हणून सांगायचा. आईला ते पुरलं. ती मला ओळखते.

तर ती सकाळ.

आदल्या संध्याकाळी गाडी आली तेव्हा मोहल्ल्यानं तिला ओवाळलं होतं. नारळ फुटला. गाडी अलगद वळली, काकाजींच्या मातीवरून आवारात गेली, आत फिरून गल्लीकडे तोंड करून आली, मागची चाकं बरोबर नव्या भरावावर ठेवून उभी राहिली. काकाजींनी हाताच्या इशाऱ्यानं तिथंच थांबवली होती. "इथं. इथंच. ही जागा सगळ्यात पक्की." ड्रायव्हरच्या जेवणाची पहिली पाळी माझ्याकडे आली होती. मी आमच्याकडचा तांबडा रस्सा केला. सालेकशानं एक घास खाल्ला, डोक्यावरून घाम निथळला, मग म्हणाला, "ताई, जहर हाय. अजून वाढा." आवारातच पत्र्याखाली काकाजींनी त्याच्यासाठी लाकडी दिवाण मांडला होता, घरातला, पाहुण्यांचा.

झुंजुमुंजू झालं तसं मी आवरून, डबा घेऊन खाली आले, सगळ्यांच्या आधी. आणि गाडीकडे बघितलं. मागची दोन्ही चाकं भरावात रुतली होती, पार आसापर्यंत. रात्रभर गाडीचं वजन आणि खाली ती तुडवलेली, पाणी पाजलेली, थेंबही बाहेर न सोडणारी माती. गाडी बसक्या म्हशीसारखी मागं झुकून उभी.

सालेकशानं इंजिन चालू केलं. चाकं जागच्या जागी फिरली, चिखल उडाला आणि गाडी आणखी बोटभर खाली गेली.

"काकाजी! हे काय करून ठेवलं जी?"

काकाजी धोतराचा सोगा धरून उभे होते. काऊनसुद्धा म्हणाले नाहीत. पहिल्यांदाच.

काकी बाहेर आल्या. एकदा गाडीकडे, एकदा नवऱ्याकडे बघितलं. "पाळ बांधली बुढ्यानं! आता गाडीत पानी नाही शिरत. झालं समाधान?"

तोवर माणसं जमत होती. मास्टर गिट्टीचं काही बोलणार होते, पण काकाजींचं तोंड बघून गप्प बसले. मी डबा छातीशी धरून उभी. पळत जावं का? आत्ता निघाले तरी पोचणार नाही. ताईंचा चेहरा दिसत होता, आणि त्यांच्यामागं माझ्या जागी उभी राहिलेली दुसरीच कुणी बाई. मला स्वतःलाही न कळता मी बोलले, तेही मोठ्यानं. "काकाजी, मला आज पोचायलाच पाहिजे."

काकाजींनी माझ्याकडे बघितलं. मग काठी टाकली, धोतर गुडघ्याच्या वर खोचलं आणि चिखलात उतरले.

"लाखांदूर! कोंडा आन."

धानाचा कोंडा चुलीसाठी म्हणून मागच्या खोलीत पोत्यांनी भरून ठेवलेला होता. आम्ही बायकांनी पोती ओढत आणली आणि चाकांच्या पुढं ओतली. चिखलानं कोंडा पिऊन टाकला. आणखी पोती. मास्टरांनी दुकानातली फळी आणली, ती कडकन मोडली. काकाजींनी इकडेतिकडे बघितलं आणि पत्र्याखालचा दिवाण उचलायला लागले.

"अजी, तो दिवान माझ्या माहेरचा हाय!" काकी ओरडल्या.

"मंग टिकते!"

दिवाण आडवा होऊन चाकाखाली गेला. सालेकसा खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "काकाजी, मंग आज रात्री मी झोपू कुठी?"

"आज रात्री येतेस न? मंग बस. बाकीचं पाहून घेऊ."

मागं आम्ही सगळे. कॉलेजची पोरं, दवाखान्यातल्या दोघी, डबेवाली म्हातारी, काकी, मी. काकाजी बाजूला उभे राहून ओरडत होते, पण ते काय म्हणत होते कुणालाच कळत नव्हतं. पहिल्या जोराला गाडी हलली आणि परत बसली. दुसऱ्या जोराला दिवाण मोडल्याचा आवाज आला. काकींनी डोळे मिटले, पण हात काढले नाहीत. तिसऱ्या जोराला गाडी अशी एकदम सुटली, की आम्ही निम्मे तोंडावर पडलो. गाडी गल्लीच्या सिमेंटवर जाऊन उभी राहिली. पोरांनी आरोळी ठोकली.

आम्ही तशाच चिखलानं चढलो. सगळे. पहिल्यांदाच बसायला जागा होती, आणि कुठं बसायचं ते ठरवता येईना, एवढी जागा होती. कंडक्टर नव्हता, सालेकसाच तिकीट फाडायचा. एक कॉलेजचा पोरगा म्हणाला, "भैया, धक्का मारा न आम्ही, तिकीट कायले?"

"धक्का मोहल्ल्यानं मारला. तिकीट तू देजो."

एकूण एक माणसानं तिकीट घेतलं. बंद करायच्या स्टॉपवरून एका दमात एवढी तिकिटं फाडली गेली, की सालेकसाच ती पुन्हा पुन्हा उलटून बघत होता.

गाडी निघाली तेव्हा मी खिडकीतून मागं बघितलं. काकाजी चढले नव्हते. मोडक्या दिवाणाजवळ गुडघाभर चिखलात उभे होते आणि काकी त्यांना काहीतरी ऐकवत होत्या. मास्टर दोघांच्या मध्ये उभे होते, घमेलं घेऊन. बहुतेक गिट्टीचंच चाललं असावं.

बाजारात लोक चढले, स्टेशनवर तर दारात लोंबकळले. तिथं सालेकशानं सवयीनं हात बाहेर काढला, मग माझ्याकडे आरशातून बघितलं आणि हात आत घेऊन गाडी थांबवली. म्हणाला, "सरका भाऊ, सरका, सगळे मावतात."

दवाखान्याच्या फाटकात मी उतरले तेव्हा स्वयंपाकघराला अजून कुलूप होतं. उशीर व्हायच्या भीतीत इतके दिवस गेले होते, की लवकर पोचल्यावर काय करायचं ते मला माहीतच नव्हतं. पायरीवर बसले. डबा उघडून अर्धी भाकरी खाल्ली. सूर्य वर आला. ताई किल्ल्या हलवत आल्या, मला बघून थबकल्या.

"अगं, आज एवढ्या लवकर? रात्री इथंच झोपलीस की काय?"

"नाही ताई," मी म्हटलं, "आमच्या मोहल्ल्यातूनच सुटते आता गाडी."

ताईंनी माझ्या पायांकडे बघितलं, पोटऱ्यांपर्यंत वाळलेल्या मातीकडे. कुलूप काढलं, दार ढकललं आणि म्हणाल्या, "पाय धुऊन ये. कणीक तूच भिजव."